वजाबाकीचं संगीत

आर्मेनियन संगीत म्हटलं की जगभरच्या श्रोत्यांना आधी आठवतो तो आराम खाचातुर्यान यांचा 'सेबर डान्स'. १९४२ च्या 'गायाने' या बॅलेमधला हा तलवारींचा नाच जेमतेम अडीच मिनिटांचा. पण त्या अडीच मिनिटांत झायलोफोन तडतडतो, ट्रॉम्बोन गुरगुरतात आणि अख्खा वाद्यवृंद दम न घेता धावत सुटतो. सर्कशींनी तो उचलला, कार्टूनपटांनी उचलला. सोव्हिएत सत्तेलाही आपल्या छोट्या प्रजासत्ताकांकडून असंच काहीतरी हवं असायचं: रंगीत, उत्साही, लोकनृत्याच्या ठेक्यावर नाचणारं आणि मोठ्या सभागृहात दणक्यात वाजणारं.

खाचातुर्यान यांच्याहून छत्तीस वर्षांनी लहान असलेल्या तिग्रान मन्सुर्यान यांनी नेमकी उलटी वाट धरली. त्यांच्या रचनांमध्ये वाद्यं थोडी, स्वर त्याहून थोडे, आणि आवाज बहुतेक वेळा बोलण्याच्या पट्टीतला. साठच्या दशकात लिहायला लागल्यापासून हा माणूस आपल्या संगीतातून एकेक गोष्ट काढून टाकत आला. एवढी वजाबाकी करूनही बाकी उरली ती मात्र ठसठशीत. युरोपातल्या नामवंत वादकांनी त्या रचना वाजवल्या, अमेरिकेत ग्रॅमीसाठी त्यांची नामांकनं झाली.

बैरुत ते आर्तिक

मन्सुर्यान यांचा जन्म २७ जानेवारी १९३९ चा, आणि तोही आर्मेनियात नव्हे, तर लेबनॉनमधल्या बैरुतमध्ये. यामागे इतिहास आहे. १९१५ पासून ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांचा जो संहार झाला, त्यातून जीव वाचवून निघालेले हजारो लोक सीरिया आणि लेबनॉनमध्ये येऊन पडले. बैरुतच्या कडेला बुर्ज हम्मूदसारख्या निर्वासितांच्या वस्त्या उभ्या राहिल्या. तिथे शाळा होत्या, चर्च होती, वर्तमानपत्रं होती. नव्हता तो फक्त देश.

दुसरं महायुद्ध संपल्यावर स्टालिनने जगभर विखुरलेल्या आर्मेनियन लोकांना सोव्हिएत आर्मेनियात परत येण्याचं आवाहन केलं. १९४६ ते १९४८ या काळात नव्वद हजारांच्या आसपास माणसं भूमध्य समुद्रावरच्या बंदरांतून, इराणमधून, फ्रान्समधून निघाली. जहाजांनी आलेल्यांना काळ्या समुद्रातल्या बातुमी बंदरात उतरवून रेल्वेने पुढे नेलं जाई. १९४७ मध्ये मन्सुर्यान कुटुंब आलं, तेव्हा तिग्रान आठ वर्षांचा होता.

मायभूमीची चित्रं डोळ्यांसमोर ठेवून आलेल्यांना भेटला तो युद्धाने पिळून काढलेला, रेशनवर जगणारा देश. शिवाय बोलीही वेगळी. बैरुत-अलेप्पोकडचे लोक पश्चिमी आर्मेनियन बोलत, इथे पूर्वेकडची आर्मेनियन चाले. स्थानिक लोक या नव्या मंडळींना त्यांच्याच उच्चाराची नक्कल करून 'अख्पार' म्हणून हिणवत. १९४९ च्या जूनमध्ये यातल्या अनेकांना संशयावरून सैबेरियाकडच्या अल्ताई प्रांतात धाडण्यात आलं. मन्सुर्यान कुटुंबाच्या वाट्याला आलं आर्तिक. अरागात्स पर्वताच्या पायथ्याशी वसलेलं हे छोटं गाव गुलाबी टफ दगडाच्या खाणींसाठी प्रसिद्ध आहे. त्या गुलाबी दगडाने ज्याला रंग दिला त्या येरेवानमध्ये हे कुटुंब राहायला गेलं ते १९५६ मध्ये.

दोन उच्चारांच्या मध्ये वाढलेल्या या मुलाचा कान बोलण्याच्या चढउतारांकडे फार लवकर वळला असणार. पुढे आपल्या संगीताबद्दल बोलताना मन्सुर्यान आर्मेनियन भाषेच्या लयीबद्दल वारंवार बोलले आहेत.

वह्यांतून आलेली आधुनिकता

येरेवानच्या रोमानोस मेलिक्यान संगीत विद्यालयात एद्वार्द बाघ्दासार्यान यांच्याकडे आणि नंतर कोमितास यांच्या नावाच्या संगीत महाविद्यालयात लाझार सार्यान यांच्याकडे त्यांनी रचनाशास्त्राचे धडे घेतले. लाझार हे आर्मेनियाचे थोर चित्रकार मार्तिरोस सार्यान यांचे चिरंजीव. १९६५ मध्ये मन्सुर्यान पदवीधर झाले आणि १९६७ पासून त्याच महाविद्यालयात आधुनिक संगीताचा सिद्धान्त शिकवू लागले. ही नोकरी जवळजवळ दोन दशकं चालली.

हा ख्रुश्चेवनंतरचा, अर्धवट उघडलेल्या खिडक्यांचा काळ. शोनबर्ग, वेबर्न, बुलेझ यांचं संगीत अधिकृतपणे 'भांडवलशाही विकृती' मानलं जाई. पण वॉर्सा ऑटम हा पोलंडमधला महोत्सव १९५६ पासून सुरू झाला होता आणि तिथून स्वरलिपीची पुस्तकं, ध्वनिफिती सोव्हिएत संघात झिरपत. एकाकडे आलेलं पुस्तक दुसरा हाताने उतरवून घेई. मॉस्कोत एदिसन देनिसोव्ह, आल्फ्रेद श्नित्के, सोफिया गुबायदुलिना. कीव्हमध्ये व्हालेन्तिन सिल्व्हेस्त्रोव्ह. तालिनमध्ये आर्वो पार्त. या सगळ्यांची जडणघडण अशीच झाली. मन्सुर्यान याच पिढीचे, आणि यातल्या बहुतेकांशी त्यांची मैत्री राहिली.

त्यांनी स्वतः आधी नवअभिजात वळणाची 'पार्तिता' लिहिली, मग बारा स्वरांना समान मान देणारी क्रमिक पद्धत घोटून पाहिली. मॉस्कोच्या अखिल सोव्हिएत तरुण संगीतकार स्पर्धेत १९६६ आणि १९६८ मध्ये त्यांना पहिली बक्षिसं मिळाली. गुणी विद्यार्थी म्हणून पुढचं आयुष्य सुखात गेलं असतं. पण हे शिकलेलं संगीत आपल्याच घरी पाहुण्यासारखं वागतंय, हे त्यांच्या लक्षात येत होतं.

डाळिंबाचा रस आणि कमांचा

याच सुमाराला सर्गेई पाराजानोव येरेवानच्या आर्मेनफिल्म स्टुडिओत एक विलक्षण चित्रपट करत होता. विषय होता अठराव्या शतकातला शाहीर-कवी सायात-नोव्हा. चरित्रपट म्हणावा तर त्यात गोष्ट नाही, संवाद जवळजवळ नाहीत आणि कॅमेरा बहुधा जागचा हलत नाही. हाघपातच्या मठात वाऱ्याने फडफडणाऱ्या पोथ्या, पांढऱ्या कापडावर पसरत जाणारा डाळिंबाचा रस, गालिचे धुणारे पाय अशी दृश्यं एकामागून एक येत राहतात. सोफिको चिआउरेली ही एकच अभिनेत्री त्यात कवीच्या तरुणपणापासून त्याच्या प्रेयसीपर्यंत अनेक भूमिका करते.

अशा चित्रपटाला संगीत द्यायचं म्हणजे काय करायचं? पार्श्वभूमीवर व्हायोलिनचा पूर सोडला तर दृश्यं बुडून जातील. तिशीही न गाठलेल्या मन्सुर्यान यांनी कमांचा या तंतुवाद्याचे तुटक सूर, चर्चमधलं गायन, घंटा, पाणी, लोकवाद्यं असे आवाज एकमेकांशेजारी मांडले. काही ठिकाणी चक्क गप्प राहिले. प्रत्येक आवाज एखाद्या वस्तूसारखा वेगळा दिसावा, इतकी जागा त्यांनी भोवती सोडली. आपल्या पुढच्या शैलीची तालीमच त्यांनी इथे केली असं म्हणता येईल.

सेन्सॉरला यातलं काहीच रुचलं नाही. कवीचं नाव शीर्षकातून काढायला लावलं. 'डाळिंबाचा रंग' हे नाव आलं ते त्यामुळे. सर्गेई युत्केविच यांनी फेरसंकलन केलेली आवृत्ती देशभर दाखवली गेली. पाराजानोवला १९७३ च्या डिसेंबरमध्ये अटक झाली आणि चार वर्षं तुरुंगात काढावी लागली. चित्रपट मात्र टिकला. २०१४ मध्ये त्याची दुरुस्त केलेली प्रत कान महोत्सवात झळकली. २०२० मध्ये लेडी गागाच्या '९११' या गाण्याच्या व्हिडिओत जालंधरमध्ये जन्मलेल्या तारसेमसिंग यांनी त्यातल्या प्रतिमा उघडपणे वापरल्या.

मन्सुर्यान यांनी पुढे आणखी चित्रपट केले. हेन्रिक माल्यान यांचा 'आम्ही आणि आमचे डोंगर' हा १९६९ चा चित्रपट आर्मेनियात आजही आवडीने पाहिला जातो.

कोमितासचा वारसा

आपले कायमचे गुरू म्हणून मन्सुर्यान दोन नावं घेतात: दबुसी आणि कोमितास. दबुसीची ओळख करून द्यायला नको. कोमितासबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय मन्सुर्यान यांची वजाबाकी कळत नाही.

मूळ नाव सोघोमोन सोघोमोन्यान. १८६९ मध्ये अनातोलियातल्या क्युताह्या गावात जन्म, लहानपणीच आई-वडील गेले. गोड गळ्यामुळे या अनाथ मुलाला १८८१ मध्ये आर्मेनियन चर्चच्या मुख्य पीठात, एच्मियाद्झिनला, शिकायला नेण्यात आलं. तिथे तो धर्मगुरू झाला, मग बर्लिनला जाऊन संगीतशास्त्र शिकला आणि परत येऊन खेड्यापाड्यांत हिंडत नांगरणीची, लग्नाची, परदेशी गेलेल्यांच्या विरहाची हजारो गाणी त्याने लिहून घेतली. २४ एप्रिल १९१५ रोजी इस्तंबूलमध्ये आर्मेनियन बुद्धिवंतांची धरपकड झाली, त्यात तोही होता. हद्दपारीतून तो जिवंत परतला, पण मनाने कोलमडला. उरलेली जवळजवळ वीस वर्षं रुग्णालयांत गेली आणि १९३५ मध्ये पॅरिसमध्ये त्याचं निधन झालं.

कोमितासपुढचा पेच असा होता. आर्मेनियन संगीत मुळात एकसुरी, म्हणजे एका वेळी एकच चाल चालणारं. शारकान ही चर्चमधली स्तोत्रं, ताग ही त्याहून अलंकृत मध्ययुगीन गाणी, शेतातली गाणी, सगळं तसंच. खाली फार तर एक लांबवलेला स्वर. दुदुक हे फुंकवाद्य वाजवतात तेव्हा एक वादक चाल वाजवतो आणि दुसरा गालांत हवा साठवून एकच स्वर अखंड धरून ठेवतो. त्याला 'दाम' म्हणतात. तानपुऱ्याच्या षड्जावर कान तयार झालेल्या मराठी श्रोत्याला यात काहीच परकं वाटणार नाही. युरोपीय पद्धत मात्र सुरावर सूर रचून स्वरमेळ उभे करते. एकोणिसाव्या शतकात काही आर्मेनियन संगीतकारांनी प्रार्थनागीतांखाली जर्मन पद्धतीचे स्वरमेळ घातले, तेव्हा चाल तीच राहून चेहरा बदलला. कोमितासने त्याऐवजी चालीतलेच स्वर घेऊन त्यांना आधार दिला, तोही जपून, आणि बऱ्याच ठिकाणी दिलाच नाही.

या सगळ्यात एक हरवलेलं पानही आहे. मध्ययुगीन हस्तलिखितांमध्ये शब्दांच्या वर 'खाझ' नावाच्या बारीक खुणा आहेत. ही तेव्हाची स्वरलिपी. काही शतकांत ती वाचायची कला लोप पावली. कोमितासने अनेक वर्षं त्या खुणांचा अभ्यास केला; १९१५ नंतर त्याचे कागद विखुरले आणि तो शोध अर्धाच राहिला. म्हणजे मन्सुर्यान यांच्या पिढीच्या हाती जे आलं ते तुटक होतं: थोडी लिहून घेतलेली गाणी, थोडं तोंडी चालत आलेलं आणि मध्ये मोठाल्या रिकाम्या जागा.

सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून मन्सुर्यान यांनी त्या रिकाम्या जागांनाच आपल्या संगीतात घर दिलं. लोकगीत जसंच्या तसं उचलून वाद्यवृंदात सजवायचं नाही, हा त्यांचा कटाक्ष. त्यांनी घेतली ती चालीची वागणूक: एका स्वराभोवती घुटमळणं, शेजारच्या स्वराला हळूच शिवून परत येणं, वाक्य संपण्याआधीच थांबणं. क्रमिक पद्धतीतून शिकलेली काटेकोर मोजणी हाताशी होतीच. त्यामुळे रचना भावुक होत नाही. प्रत्येक स्वराचा हिशेब लागतो. १९७८ ची व्हायोलिन आणि चेलोसाठीची दुहेरी कॉन्चेर्तो, १९८१ ची व्हायोलिन कॉन्चेर्तो आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली पहिली दोन स्ट्रिंग क्वार्टेट यांत हा बदल क्रमाने ऐकू येतो. या क्वार्टेटमध्ये वेगवान भाग जवळजवळ नाहीतच.

अंधाराची वर्षं

७ डिसेंबर १९८८ रोजी उत्तर आर्मेनियात भूकंप झाला आणि सुमारे पंचवीस हजार माणसं गेली. आर्तिक ज्या शिराक भागात आहे, त्याचीही मोठी हानी झाली. मेत्सामोरचा अणुवीज प्रकल्प सुरक्षेपायी बंद करावा लागला. पाठोपाठ सोव्हिएत संघ कोसळला, काराबाखचं युद्ध पेटलं, शेजाऱ्यांनी सीमा बंद केल्या. १९९२ ते १९९५ च्या हिवाळ्यांमध्ये येरेवानला दिवसातून तास-दोन तास वीज मिळे. लोकांनी उद्यानांतली झाडं तोडून शेगड्या पेटवल्या.

याच काळात मन्सुर्यान येरेवानच्या कोमितास संगीत महाविद्यालयाचे प्रमुख होते. आणि याच काळात, १९९३ मध्ये, तिसरं स्ट्रिंग क्वार्टेट आलं. १९९५ मध्ये व्हायोला आणि तंतुवाद्यांसाठीची कॉन्चेर्तो. तिचं शीर्षक विल्यम फॉकनरच्या 'द साउंड अँड द फ्युरी' या कादंबरीतल्या क्वेन्टिनच्या निवेदनातून घेतलं आहे. वडिलांनी दिलेल्या घड्याळाचा छळ वाटणारा आणि काळाच्या तावडीतून सुटू पाहणारा हा तरुण येरेवानमधल्या रचनाकाराला जवळचा वाटला.

व्हायोलाची निवडही समजण्यासारखी आहे. व्हायोलिनच्या चमकेपासून आणि चेलोच्या भारदस्तपणापासून सारख्याच अंतरावर असलेलं हे वाद्य माणसाच्या बोलण्याच्या फार जवळ जातं. ते वाजवणारीही तशीच भेटली. किम कश्कशियान अमेरिकेत डेट्रॉइटमध्ये वाढलेली, पण घराणं आर्मेनियन. तिच्यामुळे म्युनिकच्या ईसीएम कंपनीचे संस्थापक मान्फ्रेड आयशर यांच्यापर्यंत हे संगीत पोचलं. पार्त यांचं 'ताबुला रासा' १९८४ मध्ये प्रसिद्ध करून याच कंपनीने सोव्हिएत संघातल्या शांत संगीताला पश्चिमेत श्रोता मिळवून दिला होता.

२००३ मध्ये 'हायरेन' ही ध्वनिमुद्रिका आली. त्यात कोमितासची गाणी खुद्द मन्सुर्यान यांनी पियानोवर बसून स्वतःच्या आवाजात गायली आहेत. गवयाचा नव्हे, साध्या माणसाचा थोडा खरखरीत आवाज. पुढच्या वर्षीच्या 'मोनोदिया'मध्ये व्हायोला कॉन्चेर्तो आहे, ग्रीक वादक लेओनिदास कावाकोस यांनी वाजवलेली व्हायोलिन कॉन्चेर्तो आहे, आणि 'लाक्रिमे'ही आहे. 'लाक्रिमे'त फक्त दोघं: व्हायोलावर कश्कशियान आणि सोप्रानो सॅक्सोफोनवर नॉर्वेचे यान गार्बारेक. दोन वाद्यं एकमेकांच्या इतक्या जवळून जातात की कोणता स्वर कुणाचा हे मध्येच कळेनासं होतं.

पुरलेली हस्तलिखितं, कर्णा नसलेलं रिक्विएम

समूहगानासाठीची 'आर्स पोएतिका' ही त्यांची मोठी रचना येघिशे चारेन्त्स यांच्या कवितांवर बेतली आहे. चारेन्त्स क्रांतीचे गोडवे गात सोव्हिएत आर्मेनियाचे मोठे कवी झाले आणि १९३७ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच सत्तेच्या तुरुंगात येरेवानला मरण पावले. पुस्तकांवर बंदी आली. रेगिना घझार्यान या तरुण मैत्रिणीने त्यांची हस्तलिखितं जमिनीत पुरून वाचवली. १९५४ नंतर ती हळूहळू छापली गेली. मन्सुर्यान यांनी या कवितांना एकही वाद्य दिलं नाही. सगळी रचना निव्वळ गळ्यांची आहे.

मग २०११ चं 'रिक्विएम'. म्युनिक चेंबर ऑर्केस्ट्रा आणि बर्लिनच्या रियास कामरकोर यांनी मिळून ते लिहून घेतलं. मन्सुर्यान यांनी ते आर्मेनियन संहारातल्या बळींच्या स्मृतीला अर्पण केलं. इथे एक मूलभूत अडचण होती. आर्मेनियन चर्चने पाचव्या शतकातल्या खाल्केदोन परिषदेचे निर्णय मानले नाहीत. तेव्हापासून त्याची वाट रोमपेक्षा वेगळी आहे. मृतांसाठीची रोमन प्रार्थना, तिचा लॅटिन मजकूर आणि मोत्सार्ट-व्हेर्दींनी त्यावर उभारलेली भव्य परंपरा, हे सारं आर्मेनियन माणसासाठी दुसऱ्याच्या घरातलं. मन्सुर्यान यांनी लॅटिन मजकूर तसाच ठेवला, पण त्याला चाली दिल्या त्या आर्मेनियन स्तोत्रांच्या वळणाच्या.

यातला 'तुबा मिरुम' हा भाग मुद्दाम ऐकावा. शब्द सांगतात ते अंतिम निवाड्याच्या दिवशी मेलेल्यांना उठवणाऱ्या कर्ण्याबद्दल. बेर्लिओझने इथे पितळी वाद्यांचे चार ताफे सभागृहाच्या चार दिशांना बसवले होते. मन्सुर्यान यांच्या वाद्यवृंदात तंतुवाद्यांखेरीज काही नाहीच, त्यामुळे कर्णा वाजतच नाही. त्याची वार्ता फक्त गळे आणि तारा सांगतात. २०१७ मध्ये आलेल्या या ध्वनिमुद्रिकेला पुढच्या वर्षी ग्रॅमीच्या दोन विभागांत नामांकन मिळालं: समकालीन अभिजात रचना आणि समूहगायन.

कुठून ऐकावं

अमेरिकेतल्या आर्मेनियन वस्तीने, विशेषतः लॉस एंजेलिसमधल्या कलावंतांनी, मन्सुर्यान यांना आपलं मानलं आहे. व्हायोलिनवादक मोव्सेस पोघोस्यान आणि त्यांचे सहकारी, सोबत कश्कशियान, यांनी वाजवलेल्या चेंबर रचनांची 'कॉन आनिमा' ही मुद्रिका २०२० मध्ये आली. तिसरं क्वार्टेट त्यात आहे, आणि व्हायोला-पियानोसाठीचा, कोमितासच्या स्मृतीला वाहिलेला 'सोनाता दा किएझा'ही.

नव्या श्रोत्याने मात्र सुरुवात 'हायरेन'पासून करावी. मूळ गाणं आणि त्यावरून निघालेली नवी रचना दोन्ही एकाच ठिकाणी सापडतात. मग 'लाक्रिमे', कारण दोनच वाद्यं असल्याने कान भरकटत नाही. तिसऱ्या पायरीवर व्हायोला कॉन्चेर्तो. 'रिक्विएम' सुमारे पाऊण तासाचं आहे. ते सलग ऐकायचं असेल तर लॅटिन मजकुराचा अर्थ आधी वाचून ठेवावा. 'डाळिंबाचा रंग' पाहताना दुरुस्त केलेली प्रतच मिळवावी आणि एकदा तरी पडद्याकडे पाठ करून तो नुसता ऐकावा. आवाज जरा वाढवावा लागेल. मोटारीत किंवा स्वयंपाक करताना हे संगीत लावू नये. निम्मे स्वर इंजिन आणि कुकरच्या शिट्टीखाली जातील.